जुनं गाव, नवीन गाव

नोकरीच्या फॉर्मवर 'मूळ गाव' असा एक रकाना असतो. आपण तो दोन सेकंदांत भरून मोकळे होतो. आमच्या शेवगाव तालुक्यातल्या काही जणांचं पेन मात्र तिथे अडतं. जुनं लिहायचं की नवीन?

गंमत नाही, खरंच! तालुक्याच्या यादीत दहिफळ दोन आहेत, जुने आणि नवीन. खामपिंपरीचंही तेच. सिनेमाचे सीक्वेल निघतात, तसे इथे गावांचे निघाले. निर्माता एकच, जायकवाडी धरण.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पैठणला धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. जवळपास दहा किलोमीटर लांबीच्या भिंतीमागे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी पसरलं. त्याचं नाव नाथसागर. पाण्याचा फुगवटा गोदाकाठच्या शेवगावात शिरला. कुणाचं शिवार गेलं, कुणाचं अख्खं गावठाण. आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा कधी आला? १९७६ मध्ये! म्हणजे धरण पूर्ण झालं त्याच वर्षी.

नवीन गावात प्लॉट मिळतो, सरळ रस्ते मिळतात. पण गाव म्हणजे काय फक्त घरं? जुन्या गावात गल्ली आपोआप वाकडी होत गेलेली असते. मारुतीच्या पारावर कोण कुठे बसणार, सप्ताहात कुठल्या दिवशी कोणाची पंगत, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, हे कुठेच लिहिलेलं नसतं, तरी सगळ्यांना पाठ असतं. ते नकाशावर कसं आखणार?

म्हणून मी तिकडे गेलो की म्हाताऱ्या माणसांना एकच प्रश्न विचारतो, 'जुन्या गावात तुमच्या शेजारी कोण राहायचं?' बस्स! मग अख्खी गल्ली बाहेर येते. चिंच, आड, उतार, कोणाच्या ओट्यावर भजन रंगायचं, सगळं. नातवंडं शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात, पण कान इकडेच.

नाथसागरावर छत्रपती संभाजीनगरचे नळ चालतात, कारखाने चालतात, मराठवाड्यातली शेती पिकते. धरण नको होतं, असं मी म्हणणार नाही. इकडेही काठावर ऊस उभा राहिला, मासेमारी आली, पाणी उतरलं की गाळपेरा होतो. पण हिशेबाच्या वहीत गेलेल्या गल्ल्यांचं पान कोरंच राहिलं. जुनं गाव जाणत्या वयात पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. म्हणजे वेळ कमी आहे.

तुमच्या गावाच्या नावाआधी 'नवीन' असेल, तर पुढच्या सुट्टीत एक काम कराच. आजी-आजोबांना एक कोरा कागद द्या आणि जुन्या गावाचा नकाशा काढून घ्या. रेषा वाकड्या आल्या तर उत्तमच. गाव तसंच होतं!