व्हेसुव्हियसची दोन पत्रे

इसवी सन ७९ मध्ये इटलीतील व्हेसुव्हियस पर्वताचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याच्या पायथ्याची नगरे राख व दगडांखाली गाडली गेली. या घटनेचे प्रत्यक्षदर्शी माणसाने लिहिलेले एकच वर्णन आज उपलब्ध आहे. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने इतिहासकार टॅसिटस याला पाठविलेल्या दोन पत्रांत ते आढळते. लॅटिन शिकणारे विद्यार्थी ही पत्रे पिढ्यान्‌पिढ्या वाचीत आले आहेत. अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन दर्जाची परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने २०२५-२६ पासून आपल्या लॅटिन अभ्यासक्रमात सीझरच्या जागी प्लिनीला स्थान दिले, त्यामुळे या दोन पत्रांकडे नव्या वाचकांचा एक वर्ग वळला आहे. परीक्षेसाठी म्हणून हाती घेतलेले हे पाठ कसे वाचावेत, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रथम माणसांची ओळख करून घ्यावयास हवी. थोरला प्लिनी हा नेपल्सच्या आखाताच्या उत्तर टोकावरील मिसेनम येथे रोमन आरमाराचा प्रमुख होता. त्याचा ‘निसर्गेतिहास’ हा ३७ खंडांचा ग्रंथ म्हणजे त्या काळचा ज्ञानकोशच होय. भारताशी होणाऱ्या व्यापारापायी रोमचे द्रव्य दरवर्षी बाहेर जाते, ही तक्रारही त्याच ग्रंथातली. धाकटा प्लिनी हा त्याच्या बहिणीचा मुलगा. उद्रेकाच्या वेळी त्याला अठरावे वर्ष लागलेले होते. इंग्रजी भाषांतरात या दोघांच्या नात्यासाठी ‘अंकल’ एवढाच मोघम शब्द येतो. लॅटिनमध्ये मात्र ‘अवुंकुलुस’ म्हणजे मामा आणि ‘पात्रुउस’ म्हणजे काका. मराठी वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुढे मामाच्या मृत्युपत्रानुसार भाचा दत्तक गेला व त्याचे नावही त्याने धारण केले.

संस्कृतची थोडीफार ओळख असलेल्याला लॅटिन वाक्याची रचना अपरिचित वाटणार नाही. विभक्तिप्रत्ययांमुळे शब्दांचा क्रम मोकळा असतो. कर्ता एका टोकाला तर क्रियापद दुसऱ्या टोकाला, असे वारंवार घडते. अशा वाक्याचा अन्वय लावल्याखेरीज अर्थ हाती येत नाही. दुसऱ्या पत्राच्या आरंभी ‘प्रोफेक्तो अवुंकुलो’ असे दोन शब्द येतात. संस्कृतातील सति सप्तमीचाच हा प्रकार, फक्त लॅटिनमध्ये सप्तमीच्या ठिकाणी पंचमीसारखी विभक्ती योजतात. अर्थ, ‘मामा निघून गेला असता’. भाषांतर पाठ करून आलेला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. परीक्षेत शब्दशः भाषांतर मागितले जाते, आणि पाठ केलेल्या सुबक वाक्यात ही रचना विरघळून गेलेली असते.

पहिले पत्र टॅसिटसच्या विनंतीवरून लिहिलेले आहे. मामाच्या मृत्यूची हकीकत त्याला आपल्या इतिहासात घ्यावयाची होती. दुपारी एकच्या सुमारास प्लिनीच्या आईच्या दृष्टीस एक विलक्षण ढग पडला. सरळ खोड उंच चढलेले आणि माथ्यावर फांद्या पसरलेल्या, अशा भूमध्य प्रदेशातील छत्रीसारख्या पाइन वृक्षाची उपमा प्लिनी त्या ढगाला देतो. मामा तेव्हा ऊन घेऊन, थंड पाण्याने स्नान करून, फराळ आटोपून वाचीत पडला होता. त्याने पादत्राणे मागविली, उंच जागी चढून ढग न्याहाळला आणि जवळून पाहण्यासाठी एक हलके जहाज सज्ज करण्यास सांगितले. इतक्यात पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या रेक्टिना नावाच्या स्त्रीचा सुटकेसाठी निरोप आला. मग हलक्या जहाजाऐवजी आरमाराची मोठी जहाजे निघाली. जिज्ञासेपोटी योजलेला प्रवास लोकांच्या सुटकेसाठी पार पडला, ही कलाटणी प्लिनी मोजक्या शब्दांत नोंदवितो. किनाऱ्याला लागणे अशक्य झाले तेव्हा सुकाणूवाल्याने माघारीचा सल्ला दिला. मामाने धाडसी लोकांना दैव साथ देते अशा अर्थाची म्हण सांगून स्टॅबिए येथे पोम्पोनियानस या स्नेह्याकडे जहाज वळविले. तेथे त्याने स्नान केले, भोजन केले, आणि तो झोपी गेला. अंगणात राख व सच्छिद्र दगडांचा थर चढू लागल्यावर त्याला जागे करण्यात आले. डोक्यावर उशा बांधून सारे समुद्रकाठी गेले. तेथे अंथरलेल्या कापडावर आडवे होऊन त्याने पुनःपुन्हा थंड पाणी मागितले; दोन दासांच्या आधाराने तो उठला आणि लगेच कोसळला. वय पंचावन्नच्या आसपास.

आता प्रश्न असा की भाचा मिसेनमलाच राहिलेला असताना स्टॅबिएची ही हकीकत त्याला कळली कशी? चांगला परीक्षक हाच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर व्याकरणातच शोधावे लागते. आपण स्वतः पाहिलेले आणि घटनेनंतर लागलीच, स्मरण ताजे असताना ऐकलेले तेवढेच सांगतो, असे प्लिनी पत्राच्या शेवटी म्हणतो. पण त्याआधीच वाक्यावाक्यांतून साक्षीदार डोकावत असतात. मामा खरोखरच झोपला होता हे कशावरून? देह स्थूल असल्याने त्याचा श्वास जड व मोठ्याने चाले, आणि तो दाराशी ये-जा करणाऱ्यांना ऐकू येत होता. भोजनाच्या वेळी तो आनंदी होता, किंवा आनंदी असल्याचे भासवीत होता. प्लिनी दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवतो. तरीही हा पुरावा तटस्थ नव्हे. घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, मामाची कीर्ती अजरामर व्हावी या उघड हेतूने तो मांडलेला आहे. स्वस्थपणे झोपलेला आरमारप्रमुख हा धीरोदात्त पुरुष की संकटाची कल्पनाच न आलेला माणूस, हे ठरविण्याची जबाबदारी वाचकावर येते.

दुसरे पत्र अधिक जिवंत आहे. मामाने बरोबर येण्याविषयी विचारले असता भाच्याने अभ्यास करणे पसंत केले होते. मामानेच त्याला काही लिहावयास दिले होते. रात्री भूकंपाचे धक्के वाढले तेव्हा हा मुलगा अंगणात बसून लिव्हीच्या इतिहासातील उतारे काढीत होता. याला धैर्य म्हणावे की अविचार, हे त्याला पुढेही ठरविता आले नाही. (परीक्षेच्या तयारीत गढलेल्या वाचकाला हा प्रसंग जवळचा वाटल्यास नवल नाही.) पहाटे गावाबाहेर पडल्यावर सपाट जागेवरही गाड्या मागेपुढे घसरत होत्या, समुद्र मागे हटून जलचर वाळूवर उघडे पडले होते. काळा ढग खाली उतरला, समुद्रावर पसरला, काप्री बेट दिसेनासे झाले. आई म्हणाली, तू तरुण आहेस, मला सोडून पळ. त्याने तिचा हात धरून तिला चालते केले. मग दिवा मालवलेल्या बंद खोलीत असावा तसा अंधार पसरला, आणि त्या अंधारात माणसे एकमेकांना केवळ आवाजावरून ओळखू लागली.

पाठातील सर्वच शब्द सारखे विश्वसनीय नाहीत, हेही विद्यार्थ्याला ठाऊक असावे. येणाऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मागे दिवस मोजण्याची रोमन रीत होती. लेखनिकाने महिन्याचे नाव चुकविले की तारीख कोठच्या कोठे जाते. एका महत्त्वाच्या हस्तलिखितानुसार उद्रेक २४ ऑगस्टला झाला, तर इतर हस्तलिखितांत वेगळे पाठ आहेत. २०१८ मध्ये पाँपेईतील एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली, १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख सापडली; तीत वर्ष नाही, परंतु कोळशाचे अक्षर फार काळ टिकत नसल्याने ती त्याच वर्षीची असावी असा तर्क करण्यात आला. वाद अद्याप मिटलेला नाही.

ज्वालामुखीशास्त्राने मात्र प्लिनीची निरीक्षणे फार वरची मानली आहेत. आकाशात कित्येक किलोमीटर उंच स्तंभ चढविणाऱ्या उद्रेकाला ‘प्लिनियन’ असेच नाव आहे. खाली उतरून समुद्रावर धावणाऱ्या ढगाचा अर्थ विसाव्या शतकात उष्ण वायू व राखेच्या लोटांचा अभ्यास झाल्यावर उलगडला. १९८० नंतर हर्क्युलेनियमच्या जुन्या किनाऱ्यावरील कमानींत सापडलेले सुमारे ३०० सांगाडे अशाच लोटांचे बळी होत. हे सारे ठाऊक असलेला विद्यार्थी उत्तरपत्रिकेत पाँपेईचा विध्वंस प्लिनीच्या तोंडी घालण्याचा संभव असतो. परंतु पाँपेई किंवा हर्क्युलेनियम यांपैकी एकाही नगराचे नाव या दोन पत्रांत येत नाही.