पडद्यावरची रणांगणं (भाग ६) : धीराचा आकडा

गेल्या आठवड्यात आपण ‘टोटल वॉर’ या संगणक-खेळांच्या मालिकेतला मोठा नकाशा पाहिला. प्रांत, कर, फौजेचा खर्च आणि आळीपाळीने होणाऱ्या खेळी. आज त्या नकाशावरून खाली, प्रत्यक्ष रणांगणात उतरू. इथे आळीपाळी संपते. एकट्याने खेळताना खेळ थांबवून हुकूम देता येतात, पण तो पुन्हा सुरू झाला की दोन्ही फौजा एकाच वेळी हलतात. तुम्ही उजवी बगल सावरत असता, तेव्हा डावीकडे काय चाललंय हे बघायला कोणी थांबत नाही.

इंग्लंडमधल्या हॉर्शॅम गावच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने या मालिकेतला पहिला खेळ, ‘शोगुन’, २००० साली आणला. विषय सोळाव्या शतकातल्या जपानचा. त्यातले सैनिक म्हणजे उंचसखल जमिनीवर सरकणारी सपाट चित्रं होती, पण ती हजारोंनी होती, आणि तोवरच्या लढाईच्या खेळांत क्वचितच दिसलेली एक गोष्ट ती मनापासून करत: ती घाबरत. २००४ साली ‘रोम’ आला, सैनिकांना त्रिमिती देह मिळाला, तरी मुळातला विचार तोच राहिला. माझ्या मते या मालिकेची खरी थोरवी चित्रांत नाही, या घाबरण्यात आहे.

नवखा खेळाडू माणसं मोजतो. आपली तुकडी १६० जणांची, त्यांची १२०ची, म्हणजे जिंकणार आपणच. मग त्यांचे राऊत वळसा घालून पिछाडीवर येतात, आणि जेमतेम तीस माणसं पडलेली असताना उरलेले १३० पाठ दाखवतात. तुकडीच्या निशाणाच्या जागी पांढरं निशाण फडकू लागतं. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला खेळ चुकला असंच वाटतं. खेळ चुकलेला नसतो.

प्रत्येक तुकडीमागे एक आकडा चालू असतो, धीराचा. कसलेल्या पायदळाचा तो मुळातच जास्त, बळेच आणलेल्या शेतकऱ्यांचा कमी. लढाईत तो सतत वरखाली होतो. थोड्या वेळात बरीच माणसं पडली की उतरतो. तेवढीच माणसं हळूहळू पडली तर तितका उतरत नाही. दमलेल्या तुकडीचा लवकर खचतो, म्हणून चढावर पळवत नेलेलं पायदळ वर पोचेपर्यंत निम्मं हरलेलं असतं. बगल उघडी पडली की धीर सुटू लागतो आणि पाठीवर घाव आला की कोसळतो. शेजारची तुकडी पळताना दिसली तर आपल्या तुकडीचेही पाय डगमगतात, आणि त्यांना पाहून पलीकडच्यांचे. एका टोकाला सुरू झालेली पळापळ अशी मिनिटभरात सगळी फळी खाऊन टाकते. सेनापती जवळ असेल तर तो पळणाऱ्यांना परत वळवू शकतो. तो पडला तर सगळ्या फौजेलाच हादरा बसतो.

धीराचा हा हिशेब खेळ बनवणाऱ्यांच्या मनाचा खेळ नव्हे. आर्दां द्यु पिक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात नेमका हाच मुद्दा मांडला होता. प्राचीन लढायांत समोरासमोर उभे असताना माणसं तुलनेने थोडी मरत. खरी कत्तल होई ती एका बाजूने पाठ फिरवल्यावर. ढाल पुढे असते, पाठीला काहीच नसतं. द्यु पिक स्वतः १८७० साली प्रशियाविरुद्धच्या युद्धात मारला गेला.

मराठी वाचकाला हे समजायला फ्रान्सपर्यंत जावं लागत नाही. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर दुपारपर्यंत मराठ्यांचं पारडं जड होतं. इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाने समोरच्यांना मागे रेटलं होतं. मग विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी दिसताच फौजेचं अवसान गळालं असं सांगतात. अब्दालीने मात्र पळणाऱ्या आपल्या माणसांना बळाने परत रेटलं आणि राखीव फौज नेमक्या वेळी पुढे घातली. शेजारची तुकडी, सेनापती, दमलेली माणसं: धीराचा सगळा हिशेब त्या एका दुपारी दिसतो.

याच मालिकेतल्या २००९च्या ‘एम्पायर’मध्ये मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. खेळ सुरू होतो १७०० सालापासून. त्याच वर्षी सिंहगडावर राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. आपली फौज त्या पडद्यावर पाहताना ऊर भरून येतो, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण पानिपताचं निम्मं दुःख त्या आकड्यात मावत नाही. लढाईआधी छावणीची झालेली उपासमार, फौजेबरोबर अडकलेले यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे. खेळातल्या सैनिकामागे कोणी नसतं. तो पळतो तेव्हा फक्त स्वतःसाठी पळतो.

दुसरी उणीव याहून मोठी वाटते: खेळाडूला घारीची नजर मिळते. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने नकाशा आणि लाल-निळ्या ठोकळ्यांचा जो युद्धखेळ सैन्यापुढे ठेवला, त्यात ही नजर काढून घेतलेली होती. मधे पंच बसे. सेनापतीला जे दिसू शकेल तेवढेच ठोकळे तो नकाशावर मांडी, आणि हुकूम तुकडीपर्यंत पोचायला घोडेस्वाराला जेवढा वेळ लागेल तेवढा जाईपर्यंत तो हुकूम अंमलात येऊ देत नसे. २००३ साली बीबीसीने तेव्हा अजून बाजारात न आलेल्या ‘रोम’चंच यंत्र वापरून ‘टाइम कमांडर्स’ हा कार्यक्रम केला, त्यात स्पर्धक स्वतः कळा दाबत नसत. हुकूम तोंडी द्यायचा, मग तो तंत्रज्ञापर्यंत जायचा. राइसविट्झचा घोडेस्वार असा थोडासा परत आला.

घरी घारीची नजर सोडून खेळून पाहायचं असेल तर ‘रोम’मध्ये कॅमेरा सेनापतीपाशी बांधून ठेवायची सोय आहे. ती चालू करून एक लढाई खेळा. समोर धूळ आणि आपल्याच माणसांच्या पाठी दिसतील. डावी बगल फुटली हे तुम्हाला कळेल, ते तिथली माणसं तुमच्या अंगावरून मागे पळू लागल्यावर.