धावत्या गाडीला वीज

विजेवरची रिक्षा चालवणाऱ्याची पहिली चिंता बॅटरी उतरण्याची. गाडी चार्जिंगला लावली की तेवढा वेळ धंदा बंद. त्यात गाडीतला सर्वांत महाग भाग बॅटरीच.

मग गाडीला धावता धावताच वीज मिळाली तर? मुंबईला हे नवे नाही. १९०७ ते १९६४ विजेची ट्राम होती, १९६२ ते १९७१ ट्रॉलीबस. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना विचारा, काहींना आठवेल. दोन्ही डोक्यावरच्या तारेतून वीज घेत. खोट एकच, तार सोडून दुसऱ्या रस्त्याला वळता येत नसे.

स्वीडनमध्ये आर्लांडा विमानतळाजवळ २०१८ साली सुमारे २ किलोमीटर रस्त्यात विजेचा रूळ बसवून प्रयोग झाला. ट्रकखालचा दांडा खाली येऊन रुळाला टेके. दुसऱ्या गाडीला मागे टाकायला ट्रक बाजूला झाला की दांडा आपोआप वर. तिथून पुढे बॅटरीवर. रुळाचे तुकडे केलेले होते; ज्या तुकड्यावरून गाडी जाई, त्यातच वीज सोडली जाई. वाटेत बॅटरी भरत असल्यामुळे लहान बॅटरीही पुरते.

असा रस्ता बांधणे मात्र महाग. ठरलेल्या मार्गाने रोज जाणाऱ्या ट्रक-बसना तो परवडेल. गल्लीबोळांत फिरणाऱ्या रिक्षावाल्याला आज हवे आहे ते स्टँडवरच चार्जिंगचे पॉइंट. भाड्याची वाट पाहण्यात त्याचा वेळ तसाही तिथे जातोच.