भाद्रपदातला गर्भ

बेडसे लेण्यांच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या बांधावर, भाद्रपदात जिच्यामागे चार-पाच कुत्रे लागलेले दिसतात, त्या कुत्रीच्या उदरात जे घडते ते मनुष्याहून फार निराळे आहे. कारण तिची बीजांडे अंडाशयातून सुटतात ती अपक्वच, आणि बीजवाहिनीत दोन-तीन दिवसांचा मुक्काम करून परिपक्व झाल्यावाचून त्यांचे फलन होत नाही. शुक्राणू तोवर तग धरून राहतात, म्हणून एकाच वेतातली पिल्ले भिन्न पित्यांचीही असू शकतात. या अपक्वतेची अडचण एवढी मोठी की, परीक्षानळीतले मानवी अपत्य १९७८ साली जन्मले, तरी तशी श्वानपिल्ले २०१५पर्यंत लाभली नाहीत.

तुतीसारखा पेशीपुंज झालेला भ्रूण आठ-दहा दिवसांनी गर्भाशयात दाखल होतो. तेथे सरकत, भावंडांपासून अंतर राखीत, तो आणखी आठवड्याने रुजतो. सुमारे ६३ दिवसांची मुदत भरते तेव्हा कार्तिक लागलेला असतो, आणि ताज्या पेंढ्यात डोळे मिटलेली पिल्ले आईचे आचळ शोधीत असतात.