काढलेला दात पुन्हा उगवतो काय?

दाढ काढून पंधरावीस दिवस लोटतात, जखम भरत आलेली असते, आणि एके दिवशी जिभेला त्या जागी काहीतरी टणक, टोकदार लागते. आरशात पाहावे तो हिरडीतून पांढरा ठिपका डोकावत असतो. नवी दाढ आली, अशी वार्ता घरभर पसरते!

मुळात नवी दाढ येणार कोठून? मनुष्याला दात दोनदाच येतात. दुधाचे २० आणि कायमचे ३२. पेशींच्या ज्या पट्टीतून त्यांचे अंकुर फुटतात, ती गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होते. वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी अक्कलदाढेचा अंकुर धरला की तिचे कार्य संपते व ती विरून जाते. सुसरीला वा शार्क माशाला मात्र नवे दात जन्मभर येत राहतात. पडलेला दात कौलांवर भिरकावून नवा मागणाऱ्या बालकाची मागणी पुरी होते खरी, पण तो दात आधीपासूनच खाली वाट पाहत असतो. मोठ्यांना नवा दात यावा म्हणून जपानात क्योटो येथे २०२४ साली एका औषधाची माणसांवर चाचणी सुरू झाली. त्यापूर्वी ते उंदरांवर लागू पडले होते.

मग जिभेला लागते ते काय? बहुधा हाडच. मुळे ज्या खोबणीत बसलेली असतात तिची पातळ कड दात निघाल्यावर उघडी पडते. एखादी कपची सुटते आणि शरीर ती काट्याप्रमाणे बाहेर लोटते. मोडून आत राहिलेला मुळाचा तुकडाही, कित्येकदा वर्षांनंतर, असाच वर सरकतो. जीभ मोठी अतिशयोक्ती करणारी. तांदळाची कणीही तिला खडा वाटते.

कवळी वापरणाऱ्या आजोबांना सत्तरीत खराखुरा दात दिसू लागतो, असेही घडते. परंतु तो नवा नसतो. एखादा सुळा किंवा वाकडी अक्कलदाढ तारुण्यापासून हाडात अडकून राहिलेली असते. इतर दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजते आणि दडलेले उघडे पडते.

क्ष-किरणांच्या एका चित्रात हे सारे उलगडते. लहानशी कपची पुष्कळदा आपोआप गळून पडते. नखाने वा सुईने ती उकरू नये. मात्र हाडांच्या ठिसूळपणावरील व कर्करोगावरील काही औषधे चालू असता, किंवा जबड्यावर किरणोपचार झालेले असता, खोबण भरून न येता हाडच उघडे राहण्याचा संभव असतो. अशा रुग्णाने दात येत आहे या समजुतीने आठवडेच्या आठवडे थांबणे धोक्याचे. आणि त्या औषधांची माहिती तर दंतवैद्याला दात काढण्यापूर्वीच द्यावयास हवी.