चिखले ते कोसबाड, सायकलवरून

युरोपात सायकल घेऊन सुट्टीवर निघायची मोठी हौस. स्वीडनमधलं उप्साला हे त्या मंडळींचं एक आवडतं गाव. 1477 सालचं विद्यापीठ, मधून वाहणारी फ्युरिस नदी, उंच मनोऱ्यांचं कॅथेड्रल, जुनी ग्रंथालयं. आपल्याकडे असं गाव कुठलं, म्हटलं की पुण्याचं नाव पुढे येतं. पण पुण्यात आज सायकलवर फिरायचं म्हणजे जीव मुठीत घेऊनच फिरायचं. मी म्हणेन, डहाणू तालुक्यातल्या चिखल्याला या. इथे विद्यापीठ नाही, पण इथून सायकलच्या टप्प्यात बोर्डी आणि कोसबाड आहे. शिक्षणाच्या बाबतीत या दोन गावांनी देशाला जे दिलंय, ते भल्याभल्या विद्यापीठांना जमलेलं नाही.

डहाणूहून निघालेला किनाऱ्याचा रस्ता चिखले, घोलवड करत बोर्डीला पोचतो. चढ जवळजवळ नाहीच. डाव्या हाताला सुरूच्या झाडांमागे समुद्र, उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. सायकल ओळखीच्या घरून मागून घ्यावी आणि ऊन चढायच्या आत निघावं.

या झाडांचं उप्सालाशी एक नातं आहे. कार्ल लिनिअस हा वनस्पतिशास्त्रज्ञ 1741 पासून उप्साला विद्यापीठात प्राध्यापक होता. जगभरच्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत त्याच्या 1753 सालच्या ग्रंथाने रूढ केली. आंबा, ताड, चिकू यांची शास्त्रीय नावं त्या ग्रंथातली, सुरूचं त्यानंतर काही वर्षांनी आलेलं. चिकूचं पहिलं नाव पुढे बदललं. आता त्याला 'मनिलकारा झपोटा' म्हणतात. गंमत बघा, झाड मूळचं मेक्सिकोकडचं, नावातला पहिला शब्द मल्याळममधून घेतलेला, आणि भौगोलिक मानांकन 2016 साली मिळालं ते डहाणू-घोलवडच्या चिकूला!

पण लिनिअसची मला भावलेली गोष्ट वेगळी आहे. तो विद्यार्थ्यांना वर्गात कोंडून ठेवत नसे. उन्हाळ्यात त्यांना घेऊन गावाबाहेर पडायचा. दिवसभर शेतं, कुरणं, ओढ्याकाठ धुंडाळायचा. सापडलेलं रोप हातात घेऊन तिथंच उभ्याउभ्या शिकवायचा. संध्याकाळी ही फौज तुताऱ्या आणि नगारे वाजवत, त्याच्या नावाचा जयजयकार करत गावात परतायची. विद्यापीठातल्या काही वरिष्ठांना हा गलबला मुळीच रुचला नाही. अभ्यास म्हटला की तोंड गंभीर हवं, ही समजूत तिकडेही होतीच. आज उप्सालात त्याच्या आठ वाटा खुणा करून जपलेल्या आहेत आणि प्रवासी त्यांवरून हिंडतात.

आता बोर्डीकडे वळू. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने 1918 मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटी निघाली आणि 1920 साली बोर्डीला हायस्कूल आलं. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी ते नावारूपाला आणलं. लांबून मुलं शिकायला येऊ लागली आणि समुद्राकाठचं एक गाव विद्येचं गाव झालं.

याच बोर्डीत 1945 मध्ये ताराबाई मोडक आल्या. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं. इथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी तर उघडली, पण गरिबांच्या वस्तीतली मुलं तिथे येईनात. आईबाप मजुरीला, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी. तिने शाळेत यावं कसं? तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. एखाद्या झोपडीपुढचं अंगण झाडायचं, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. साहित्य काय, तर शिंपले, बिया, पानं, खडे. माँटेसरी पद्धतीची महागडी खेळणी कुणाला परवडणार होती? अंगणात भरते ती अंगणवाडी. शब्द इतका सोपा की तो कुणाला घडवावा लागला असेल, असं वाटतही नाही.

पुढे 1957 च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी बहीणही शिकू शकते. आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा! गुरं जिथे चरतात तिथे शिक्षक जाणार. लिनिअस विद्यार्थ्यांना कुरणात घेऊन जायचा. इथे विद्यार्थी आधीच कुरणात होते, शाळेनेच चालत जायचं होतं. मला हे पाऊल जास्त अवघड वाटतं. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. अनुताई 1992 पर्यंत, अखेरपर्यंत या कामातच होत्या.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि बोर्डीतला हा शब्द देशभर गेला. आज देशात 14 लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. पण शब्द जितका पसरला, तितकी त्यामागची कल्पना पसरली का? खेडेगावात कुणालाही विचारा, अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळते ती जागा. खाऊ हवाच, उपाशी पोर काय शिकणार? पण गाणं आणि शिंपल्यांचा खेळ हा त्या शाळेचा अर्धा जीव होता. मानधनावर काम करणाऱ्या सेविकेच्या हातात आपण एवढ्या नोंदी दिल्या की गाण्याला तिला वेळ उरतो किती, हा प्रश्नच आहे. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं, की आपल्या गल्लीतल्या त्या निळ्या-पिवळ्या खोलीचं मूळ गाव हे आहे? उप्सालासारख्या खुणा करून बोर्डी ते कोसबाड ही वाट आखायला हरकत काय?

तोवर आपणच जावं. बोर्डीहून परतताना घोलवडला रेल्वे ओलांडली की कोसबाडची वाट लागते. टेकडीच्या चढावर उतरून सायकल हाताने ढकलावी लागेल. रविवारी वर्ग भरत नाहीत, म्हणून शाळेच्या दिवशी जावं आणि आधी विचारून जावं. मुलांचे फोटो काढत सुटू नये. आणि उताराला लागण्याआधी ब्रेक एकदा तपासून घ्यावेत.