गाडीवर जाताय? आधी मालक पारखा

दिवाळी सरली, भाताची झोडणी उरकली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून बिऱ्हाडे निघतात. कोणी भिवंडीकडे, कोणी वसईकडे वीटभट्टीवर. या वाटेला कंटाळलेला एखादा पोरगा मोखाड्याच्या नाक्यावर उभा राहून नाशिकहून त्र्यंबकमार्गे येणाऱ्या मालगाड्या बघतो आणि घरी सांगतो, ‘‘औंदा भट्टीवर नाय, गाडीवर जातो.’’

विचार चांगलाच आहे. पण तरुण मित्रांनो, क्लीनर म्हणून चढायचे आणि रात्री उस्ताद झोपला की स्टिअरिंग धरायचे, ही जुनी रीत आता सोडा. लायसन नसताना अपघात झाला तर पुढे कोर्टकचेरी तुमच्याच नशिबी येते.

कायद्याची वाट सरळ आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की हलक्या वाहनाचे लायसन काढा. जड वाहनासाठी वय वीस हवे आणि हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष जुने हवे. मोटार शाळेचा दाखला आणि डॉक्टरचे प्रमाणपत्रही लागते. आठवी पास असण्याची अट २०१९ साली निघाली. त्यामुळे शाळा सुटलेल्यांनाही दार उघडे झाले. पाट्या आणि कागद वाचता मात्र आलेच पाहिजेत. मधले वर्ष फुकट घालवू नका. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा पहिला हात टेम्पोवर बसवा. शाळेची फी जड वाटत असेल तर जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात प्रशिक्षणाची काही योजना चालू आहे का, ते विचारा.

खरी शाळा मात्र घाटात. ज्या गिअरवर चढ चढाल, त्याच गिअरवर उतार उतरा, असे जुने ड्रायव्हर सांगतात ते उगाच नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाहीत. पहिला उस्ताद असा निवडा की जो हे करू देणार नाही.

आता मालकाचे बघू. पगार किती, हा प्रश्न शेवटी विचारा. आधी गाडीचा विमा, फिटनेस आणि परमिट मागून बघा. टायर आणि ब्रेक बघा. माल किती भरतात, ते विचारा. जादा भाराला २०१९ पासून वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे, आणि कायद्याचा हात मालकाइतकाच चालवणाऱ्यापर्यंतही पोचतो. झोपेचे काय, तेही विचारा. ड्रायव्हरचा दिवस आठ तासांचा, हे १९६१ च्या कायद्यानेच ठरवले होते. ‘‘सकाळपर्यंत पोचवच’’ म्हणणारा मालक तुमच्या जिवावर धंदा करतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उचल घेऊ नका. भट्टीवर आई-बापाने पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यात अख्खा हंगाम जातो, हे तुम्ही लहानपणापासून बघितले आहे. गाडीच्या मालकाची उचलही तशीच. ती अंगावर असली की खराब ब्रेकच्या गाडीलाही ‘नाही’ म्हणता येत नाही. मूळ लायसन कोणाच्या ताब्यात देऊ नका. पगार बँकेत मागा, खेपेचा भत्ता वहीत लिहून ठेवा. उद्या काही बरेवाईट झाले तर भरपाईसाठी तुम्ही कोणाकडे कामाला होता, हे दाखवावे लागते. तेव्हा हीच वही आणि बँकेचे पासबुक उपयोगी पडते.

पहिला मालक दोन हजार कमी देणारा असला तरी चालेल. पण ‘‘दादा, आज ही गाडी घाटात नेत नाय,’’ असे ज्याला तोंडावर सांगता येईल, त्याच्याकडेच राहा. भट्टी सुटली आणि उचल तशीच राहिली, तर सुटलात असे कसे म्हणायचे?